साहेबांनी दाखवलेला सिनेमा

हॉटेलात किस्से शोधावे लागत नाहीत. चादरी बदलाव्यात तसे रोज नवे मिळतात, फक्त ते धुवायला कुणी नेत नाही. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं, तेव्हा अनंतकाकांनी व्हिसा काढून मला बहरीनला आणलं आणि माहूज भागातल्या ते काम करतात त्या हॉटेलात रूम सर्व्हिसला चिकटवलं. म्हणून एवढा साठा!

*

काका इथले डोअरमन. बावीस वर्षं पुढचं दार लोकांसाठी उघडतायत. स्वतः येतात-जातात मागच्या गेटने, कारण स्टाफला तेच.

एकदा सुट्टीच्या दिवशी आम्ही मॉलमध्ये गेलो. काकांनी दार उघडलं आणि धरूनच उभे राहिले! अकरा माणसं आत गेली. एकानेही थँक्यू म्हटलं नाही.

"काका, सोडा की आता!"

"थांब रे, मागून बाई येतायत."

*

मॅनेजर पिंटोसाहेब 'नाही' म्हणतच नाहीत. हॉस्पिटॅलिटीत चालत नाही म्हणे! स्टाफ रूमचा एसी दुरुस्त होणार? इंशाल्ला. सेफ्टी शूज मिळणार? इंशाल्ला. दोन उन्हाळे गेले, एसी तसाच.

किचनमधले हुसेनभाई रत्नागिरीचे, पाच वेळचे नमाजी. ते एकदा भडकलेच. "आम्ही इंशाल्ला म्हणतो ते मनापासून! ह्या माणसानं म्हटलं की समजायचं, खलास!"

*

काकांच्या मुलीचं, मनीषाचं लग्न ठरलं, गुहागरला. तीन महिने आधी त्यांनी लीव्हचा अर्ज दिला.

"इंशाल्ला, अनंत," साहेब म्हणाले.

काकांनी लगेच गावी काकूंना फोन लावला. "साहेब हो म्हणाले गो!"

मी तोंडावर सांगितलं, "काका, बावीस वर्षांत एवढा एक शब्द कळला नाही तुम्हाला?"

"कॉलेज सोडून आलेला तू, मला शिकवतोस?"

दुसरा अर्ज. इंशाल्ला. तिसरा अर्ज. इंशाल्ला. लग्न आठवड्यावर आलं. काकू फोनवर विचारायच्या, कन्यादानाला कोण बसणार? आणि काका साहेबांना सॅल्यूट ठोकत होते. ही आमची सीनियर पिढी!

*

तेवढ्यात हॉटेलचे मालक येणार म्हणून ट्रेनिंग निघालं. साहेबांना कुठूनशी एक जुनी ब्रिटिश फिल्म मिळाली होती, ब्लॅक अँड व्हाइट, हॉटेलच्या स्टाफवरची. त्यांनी पहिली पाच मिनिटंच पाहिली होती. कडक कॉलर, चकचकीत ट्रे. "डिसिप्लिन बघा!" म्हणाले.

फिल्म निघाली कॉमेडी! सहाव्या मिनिटाला वेटरने सूप पाहुण्याच्या मांडीवर ओतलं. साहेब पहिल्या रांगेत गंभीर, त्यामुळे हसायची कुणाची टाप नव्हती. हाउसकीपिंगच्या सुपरवायझर बाईंनी वहीत लिहून घेतलं, 'सूप : डावीकडून.'

*

दिवे लागले. शेवटच्या रांगेत मालक येऊन बसले होते. म्हातारे बहरीनी गृहस्थ, हिंदी छान बोलतात. त्यांना बघून साहेबांना जोर चढला.

"अनंत, तू सबसे सीनियर. क्या सीखा?"

काका उठले. हात जोडलेले.

"सर, वो पिक्चर का मॅनेजर सबको बोलता है, कल देखेंगे, कल देखेंगे."

"तो?"

"उधर लोग हसते होंगे, सर. मैंने तो साब का इंशाल्ला सुनके घर पे फोन कर दिया, बेटी की शादी में आता हूँ."

मग मागून मालकांचाच आवाज आला. "शादी कब है?"

"जुम्मे को, सर."

लीव्हवर सही तिथेच झाली, साहेबांच्याच पेनाने.

*

मंगळवारी काका बॅग घेऊन निघाले. मागच्या गेटकडे वळत होते, मी हात धरून पुढच्या दाराशी आणलं आणि दार उघडून उभा राहिलो. काका बाहेर पडले. साहेब पोर्चमध्येच होते.

"अनंत, पंद्रह दिन में वापस आना. पक्का?"

काकांनी बॅग टॅक्सीत टाकली, आत बसले, काच खाली केली.

"इंशाल्ला, साब."