भैरीच्या गुहेत राहिलेलं पातेलं

यशवंता गेल्याचं कळलं तेव्हा मी कर्जतला अंगणात वाल सोलत बसलो होतो. चौक गावाहून त्याच्या गॅरेजातला मेस्त्री आला. "आमचं शेठ झोपेतच गेलं," एवढंच म्हणाला. खोटं कशाला सांगू, मला आधी हसू आलं... ज्याला ढाकच्या भैरीचा कडा काही करू शकला नाही, तो अंथरुणात जातो म्हणजे काय! मग रडू आलं, आणि पुष्कळ आलं. आता महिना उलटलाय. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की पुन्हा हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

ढाकचा भैरी म्हणजे आमच्या भागातला नावाजलेला कडा. हल्ली मुंबई-पुण्याची पोरं पाठीला सॅक लावून रांगेनं येतात. आमच्या तरुणपणी नवसकरी आणि आमच्यासारखे रिकामटेकडे एवढेच जायचे. सांडशी गावातून रान चढून खिंडीत यायचं, कातळातल्या खोबण्यांत बोटं रुतवत आडवं सरकायचं आणि शेवटी उभ्या ओंडक्यावर पाय देत गुहेत शिरायचं. खाली सरळ दरी. पहिल्या खेपेला मी त्या ओंडक्यावरच अडकलो. त्याला मिठी मारून खालीच बघत राहिलो. वरून यशवंता म्हणाला, "खाली नको बघू रं. माज्याकडं बघ. मी देखणा हाय का नाय?" हसण्याच्या नादात मी वर कधी पोचलो ते कळलंच नाही. गुहेत भैरीदेव आहे आणि त्याची भांडी असतात. कुणीही यावं, त्यात शिजवावं, जेवावं आणि घासून जागच्या जागी ठेवावं. देवाचं भांडं खाली न्यायचं नाही, हा दंडक.

यशवंताचं लग्न झालं आणि त्याच्या आईनं, माईंनी, फर्मान काढलं: आता कडे चढणं बंद. एकुलता एक मुलगा, त्यात घरात नवी सून. त्यांचंही काही चुकत नव्हतं. लग्नाचा नारळ भैरीला वाहून ये, तेवढं शेवटचं, असं म्हणाल्या. सुमनवहिनींनी डाळ-तांदूळ आणि माहेरहून आलेलं, नाव घातलेलं पितळी पातेलं बांधून दिलं. वाटभर यशवंता गप्प होता. त्याला तसं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं. वर नारळ फोडला, खिचडी खाल्ली, त्यानं भांडी घासली. सांडशीत उतरल्यावर पिशवी चाचपली तर पातेलं नाही! देवाच्या भांड्यांबरोबर तेही घासूनपुसून रांगेत लावून आला होता पठ्ठ्या.

माई कडाडल्या. "देवाला वाहिलेलं देवाचं रं, इसरलेलं आपलं! व्याह्यांना काय त्वांड दाखवू? जा, घिऊन ये." वहिनी पदर तोंडाला लावून मागे उभ्या. मला वाटलं, रडताहेत.

पुढच्या थंडीत आम्ही पातेलं आणायला गेलो आणि तसेच परत आलो. "माई, त्यात लोकांचा भात शिजत व्हता. चुलीवरनं कसा वडू?" त्याच्या पुढच्या वर्षी म्हणे पातेल्यात देवाचं पाणी भरून ठेवलेलं. माई कपाळाला हात लावायच्या आणि पुढच्या वर्षी आण म्हणायच्या. खरं तर पातेलं बहुतेक वेळा रिकामंच असायचं. मी हात घातला की यशवंता म्हणायचा, "ऱ्हाऊ दे रं, पुढल्या खेपेला." असा तो दर थंडीत माईंच्याच हुकमानं कडा चढत राहिला, आणि ओंडक्यावरून गुहेत शिरताना दरवेळी मोठ्यानं हाळी देत राहिला. त्याचा तो आनंद पाहण्यासाठीच मी जीव मुठीत धरून मागे जायचो. लबाड आहेस, असं मी त्याला कितीदा तरी म्हणालो. तो फक्त मिशीत हसायचा. पुढे माई गेल्या, तरी आमची खेप चुकली नाही.

तेराव्यानंतर चौकला गेलो. म्हटलं, "वहिनी, यंदा तुमचं पातेलं मी आणून देतो."

त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "नको भाऊजी. ते आणायचं नाय. कड्याबिगर हे कसं कोमेजत्यात, ते मला लगीन झाल्यावर आठ दिवसांतच कळलं व्हतं. पिशवी बांधताना मीच त्यांना म्हनलं, हे वर इसरून या..."

बोलता बोलता त्या स्वयंपाकघरातली फळी पुसत होत्या. भांड्यांच्या रांगेत एका पातेल्याएवढी जागा मोकळी होती. तीही त्यांनी पुसून घेतली.