तांबी आणि अठ्ठेचाळीस तास

आमच्या वसईच्या बाळंतिणींच्या वॉर्डात किस्से शोधावे लागत नाहीत. चहा गाळून होईपर्यंत एक नवा तयार असतो! माझं काम, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला तांबीबद्दल सांगायचं. तांबी म्हणजे कॉपर-टी. बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांत बसवली तर बसवली, नाहीतर मग दीड महिना थांबा. आणि "दीड महिन्याने येते हां सिस्टर" म्हणून गेलेली बाई थेट पुढचं पोट घेऊनच येते. म्हणून मी ते दोन दिवस प्रत्येकीच्या कानाशी भुणभुण करते. माझा नवरा म्हणतो, "घरी तरी वेगळं काय करतेस?"

* * *

वालीवच्या कारखान्यात फिटर असलेला एक नवरा. बायको तयार होती, पण याला आधी माल बघायचा होता! सॅम्पल हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "सिस्टर, नट नाही, बोल्ट नाही. राहणार कशी?"

"राहते हो! दहा वर्षं राहते. हवी तेव्हा काढताही येते."

दहा वर्षं म्हटल्यावर गडी खूश. दीड महिन्याने बायकोला तपासणीला घेऊन आला, तर आम्ही दिलेलं कार्ड चक्क लॅमिनेट केलेलं. म्हणाला, "पहिली सर्व्हिसिंग फ्री ना?"

* * *

आगाशीच्या एक आजी नातसुनेसोबत आल्या होत्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, चला, पटलं. तेवढ्यात म्हणाल्या, "सगळं खरं गो बाय, पण तांबं काळं पडतं. मग दर दिवाळीला चिंचेने घासायला बाहेर काढायची काय?"

नातसून पांघरुणात गुडुप! 

* * *

माझीही फजिती झालीय. सॅम्पलची तांबी पर्समध्येच राहिली आणि पेन शोधता शोधता नणंदेच्या हाती लागली. "अय्या वहिनी, केवढं नाजूक कानातलं! दुसरं हरवलंस?"

सासरे समोर पेपर वाचत बसलेले. मी म्हटलं, "हे एकच मिळतं."

* * *

अर्नाळ्याची रेश्मा. नाव बदललंय हं. तिसरं बाळंतपण, अंगात रक्त नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, लगेच चौथं राहिलं तर जिवावर बेतेल. रेश्माला तांबी हवीच होती. पण खाटेशेजारी सासू ठाण मांडून बसलेली. "तो आल्याबिगर नाय! नवऱ्याला न इचारता असलं कोनी करतं?"

आणि तो कुठे? तिच्या सासऱ्यांसोबत त्यांच्याच बोटीवर, भर समुद्रात, अजून आठ दिवस!

"मावशी, नवऱ्याची सही लागत नाही," मी म्हटलं.

रेश्माच रडवेली झाली. "सिस्टर, घरी मला यांच्यासोबतच राहायचंय ना." चाळीस तास उलटले होते. मला त्या सासूचा असा राग आला म्हणता!

शेवटी रेश्मानेच डोकं चालवलं. त्यांच्या शेजाऱ्याकडे बोटींशी बोलायचा वायरलेस आहे. त्याला फोन लावला, त्याने फोन सेटला टेकवला, आणि सासूबाई स्पीकरवर ओरडल्या, "अरे, ही तांबी बसवते म्हनते! तुला न इचारता!"

वायरलेसवरचं बोलणं आसपासच्या सगळ्या बोटी ऐकतात, हे रागाच्या भरात त्या विसरल्या. कुठल्याशा बोटीवरून कुणीतरी ओरडलं, "बसव, बसव!" दुसऱ्या बोटीवरून, "माझ्या घरवालीला पन सांगा!" अख्खा वॉर्ड हसायला लागला.

मग नवऱ्याचा आवाज आला. "आये, बसवू दे. मला ती जित्ती पायजे."

रेश्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सासूबाई मात्र आणखीच भडकल्या. "तू बापाला दे! तो सांगल, बायकोनं आधी इचारायला पायजे का नाय ते!"

थोडी खरखर झाली. मग सासऱ्यांचा आवाज आला, अगदी शांत.

"अगो, तू बसवलीस तवा मला कुटं इचारलंस?"