रामवतीच्या पाठीवरचे चौकोन

इटारसीला गाडीनं मार्ग बदलला आणि पिपरियापासून खिडकीत नुसता गहू सुरू झाला. मधूनच हरभरा, मधूनच उसाचे फड, आणि करेली स्टेशनात तर गुळाचा वास थेट डब्यात शिरला. साताऱ्याहून निघताना मी बॅगेत दोन स्वेटर, तिळगुळाचा डबा आणि त्वचेची ॲलर्जी तपासायच्या पट्ट्यांचं पाकीट भरलं होतं. पट्ट्या वसुधानं मागवल्या होत्या. "पाहुणी म्हणून ये, पण काम करायच्या तयारीनं ये," असं तिनं फोनवरच बजावलं होतं.

वसुधा आणि मी नागपूरला डॉक्टरकी शिकताना एका खोलीत राहायचो. मी पुढे त्वचारोगतज्ज्ञ झाले आणि साताऱ्यात दवाखाना थाटला. ती मूळची जबलपूरची. वडील तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, म्हणून शिकून ती परत गेली ती कायमची. तिनं जबलपूरजवळच्या पनागरला त्वचारोगाचं शिबिर ठरवलं होतं. मला नर्मदा पाहायची होती. दोघींचं जमलं.

स्टेशनवर ती लोकरीची टोपी घालून उभी होती. मला पाहताच म्हणाली, "काहून गं, एवढी बारीक काहून झाली? चलो, आधी खाऊन घे." आणि घरी न नेता तिनं मला सरळ एका हलवायाच्या दुकानासमोर उभं केलं. तिथं खोव्याची जलेबी मिळते. आपल्या जिलबीसारखी पिवळी, कुरकुरीत नाही. काळपट, जाड, आतून मऊ, गुलाबजामच्या सख्ख्या बहिणीसारखी. मी एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि तिसरी साडीवर पडली. पाकाचा तो डाग अजून गेलेला नाही.

संध्याकाळी आम्ही ग्वारीघाटावर गेलो. नर्मदेचं पाणी थंडीत निळसर हिरवं दिसत होतं. पायऱ्यांवर दिवे, फुलं, नारळ विकणाऱ्यांच्या टोपल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. नावाडी हाका मारत होते आणि पांढऱ्या पक्ष्यांचा थवा एका नावेमागे ओरडत फिरत होता. आम्हाला दोना (पानांचा द्रोण, त्यात फुलं आणि दिवा) हवा होता. सगळ्या टोपल्यांपाशी गर्दी होती. एकच बाई ओळीपासून दूर, अगदी शेवटच्या पायरीच्या कोपऱ्यात एकटी बसली होती. वसुधा तिच्याकडे वळली, मी मागून गेले.

तिशीपस्तिशीची असेल. झेंडूच्या माळा सुरेख गुंफलेल्या होत्या. पण दोना देताना तिनं डावा हात पुढे केला आणि उजवा पदराखाली ठेवला. आमच्या मागून आलेल्या एका जोडप्यानं फुलं घ्यायला हात पुढे केला, तिच्या पदराकडे पाहिलं आणि ते हळूच शेजारच्या ओळीकडे सरकले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सवय झालेली दिसत होती.

"बहनजी, हाथ को क्या हुआ?" मी विचारलं.

"कुछ नईं."

वसुधा मध्ये पडली. "दिखा दो, ये बड़ी डॉक्टर हैं. महाराष्ट्र से आई हैं."

तिनं जरा वेळानं हात बाहेर काढला. अंगठा आणि त्याच्याजवळची बोटं जाड, काळपट झालेली, टोकांना चिरा, कडेला बारीक पुरळ. खाजवून खाजवून कातडी सोललेली. तिचं नाव रामवती. दिवाळीच्या आधीपासून हे असं आहे, म्हणाली. आधी गिऱ्हाईक तुटलं, मग शेजारच्या बायांनी तिला ओळीतून उठवलं. छूत (संसर्ग) असेल म्हणून.

मला वाटलं, ओळखलं. झेंडू हाताळणाऱ्यांच्या बोटांना अशी ॲलर्जी होते, हे आम्हाला शिकवलेलं असतं. "छूत नाही आहे," मी माझ्या हिंदीत ठामपणे सांगितलं. "ये गेंदे से हुआ है. फूलों को हाथ लगाना बंद करो."

रामवतीचा चेहरा पडला. तिनं टोपलीकडे पाहिलं. "फूल छोड़ दें तो का बेचें, दीदी? हमाई सास भी यहीं फूल बेचत थीं."

 परत येताना वसुधा गाडीत भडकली. "तपासल्याशिवाय तू असं काहून सांगून राहिली तिला? ती आज रात्री झोपणार नाही, समजलं का?" ती बरोबर होती. पाकीट माझ्या बॅगेत होतं आणि मी निकाल घाटावरच देऊन टाकला होता.

सकाळी वसुधानं माणूस पाठवून तिला दवाखान्यात बोलावून घेतलं. बरोबर नवरा होता. त्याचं नाव हल्के, म्हणजे बुंदेलीत धाकटा. पण अंगानं चांगला आडवा आणि आवाज नदीच्या पलीकडे पोचेल असा. तो नाव चालवायचा.

मी तपासणी समजावून सांगितली. पाठीवर चिकटपट्टी लावायची, तिच्यावर छोटे चौकोनी खण असतात. एकेका खणात एकेक वस्तू ठेवायची: झेंडूची पाकळी, झेंडूचं पान, दोन्याचं पान, माळेचा दोरा. दोन दिवसांनी पट्टी काढायची. जिथं लाल होईल, तो चोर. आणि तोवर पाठ भिजवायची नाही.

"आंघोळ नईं?" रामवती दचकली. "हम तो रोज मैया में नहात हैं. मैया नाराज हो जैहैं." मैया म्हणजे नर्मदा.

"मैया को बोलना, डॉक्टर ने रोका है," मी म्हणाले. "गुस्सा मुझ पर करें."

हल्के गडगडून हसला. "आप तो तीन दिन में निकल जैहौ. गुस्सा हमें झेलने पड़है!"

पट्टी चिकटवायला तिनं पदर खाली घेतला आणि पहिल्यांदा तिचं कपाळ उजेडात आलं. भुवयांच्या मध्ये राखाडी डाग होता. भांगाच्या रेषेत दोन्ही बाजूंची कातडी काळवंडून सोललेली. घाटावर तो सगळा भाग पदरानं झाकलेला होता.

"ये कब से है?"

"ये तो ऐसई है," ती म्हणाली. हाताचं दुखणं लोकांना दिसत होतं म्हणून ती ते सांगायला आली होती. कपाळाचं कुणाला सांगायचं तिच्या मनातही नव्हतं.

कपाळ, भांग आणि उजव्याच हाताची बोटं. मी आणि वसुधानं एकमेकींकडे पाहिलं. "दोना देताना तू गिऱ्हाइकाला टिळा लावतेस का?" वसुधानं हिंदीत विचारलं. रामवतीनं होकार दिला. फुलं घेणाऱ्या प्रत्येकाला ती उजव्या हाताच्या बोटांनी लाल टिळा लावायची. तो तिनं गिऱ्हाइकाला दिलेला जास्तीचा मान. म्हणून पूर्वी गिऱ्हाईक तिच्याकडे वळायचं. हल्के लगेच मोटरसायकलवरून घाटावर गेला आणि टिळ्याची डबी, घरातला सिंदूर आणि उगाळलेलं चंदन घेऊन आला. तिन्ही वस्तू पट्टीवर चढल्या.

मग पुढचे दोन दिवस थांबायचं होतं.

पहिला दिवस पनागरच्या शिबिरात गेला. गावाच्या सुरुवातीलाच मटारच्या गोण्यांनी रस्ता अडवलेला. एका शाळेत टेबलं मांडली होती. सर्वांत जास्त रुग्ण गजकर्णाचे. दुकानातून मिळेल ती ट्यूब चोळून चोळून त्यांनी ते मांडीवरून पोटापर्यंत पसरवलेलं. एक अख्खं कुटुंब खरजेचं आलं, आजोबांपासून नातीपर्यंत सगळे एकाच लयीत खाजवत होते. सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावा, कपडे उकळा, असं सांगून मी त्यांना पाठवलं.

माझी हिंदी मात्र दिवसभर माझी फजिती करत होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी मोठ्यानं म्हणाले, "बाबाजी, पाठ दिखाइए."

तो गोंधळला. "पाठ तो हम पढ़े नईं, मैडम. अंगूठा लगात हैं."

वसुधा टेबलावर डोकं ठेवून हसली. पाठ म्हणजे हिंदीत धडा. पीठ म्हणायला हवं होतं, पण साताऱ्याच्या जिभेला पीठ म्हटलं की भाकरीच आठवते. म्हातारबुवांच्या पाठीवर फिकट, पांढरट, भुकटी सुटणारे ठिपके होते. ते कोड समजून नातेवाइकांनी लग्नाच्या पंगतीत त्याला वेगळं बसवलं होतं. मी कापसाच्या टोकानं स्पर्श तपासला, खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. शिबं निघालं. साधी बुरशी.

"बाबाजी, औषध से चला जाएगा. रंग लौटने में थोड़े महीने लगेंगे. सबके साथ बैठकर खाओ."

"अब हम उनके साथ काए बैठें?" तो म्हणाला. "अलग पत्तल में लड्डू ज्यादा मिले थे."

दुपारी गक्कड-भर्ता जेवलो. गक्कड म्हणजे शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले, आणि सोबत वांग्याचं भरीत. खानदेशी माणसानं खाल्लं असतं तर भरतावरून वाद घातला असता. मी वाद न घालता दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वसुधा मला भेडाघाटला घेऊन गेली. संगमरवरी कड्यांमधून नाव सरकत होती. नावाडी प्रत्येक खडकाला काही ना काही नाव देऊन त्यावर यमकं जुळवत होता. कडे खरोखर सुंदर आहेत, दुधावर उन्हानं साय धरावी तसे. पण माझं अर्धं लक्ष त्या पाठीवर होतं. झेंडूचा चौकोन लाल निघाला तर रामवतीला काय सांगायचं? दिवे विक? नारळ विक? सासूपासून चालत आलेली टोपली ठेवून दे? धुवांधार धबधब्यापाशी तुषारांनी माझा चष्मा भिजला, तेव्हा वसुधा म्हणाली, "तू धबधबा पाहून राहिली की पेशंट?"

त्याच संध्याकाळी पट्टी काढली. थोडा वेळ थांबावं लागतं, चिकटपट्टीची लाली ओसरू द्यावी लागते. मी मुद्दाम चहा मागवला. हल्के चहा न पिता कपाकडे पाहत बसला होता.

मग मी दिवा जवळ घेतला. पाकळी: कोरी. पान: कोरं. दोना, दोरा: काही नाही. चंदन: कोरं. पण टिळ्याच्या डबीचा चौकोन लालभडक, फुगलेला, त्यावर बारीक पुरळ. सिंदुराचा चौकोनही तसाच.

"वसुधा, बघ," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच होता. "झेंडू नाही! रंग आहे, रंग."

"गेंदा नईं?" रामवतीनं मान वळवून विचारलं.

"नईं. मी चुकले. तुमचे फूल ठीक हैं. वो लाल रंग आपको सहन नहीं होता. उसी रंग से हाथ, उसी से माथा."

ती हसली, आणि लगेच तिचा हात भांगाकडे गेला. "मने सिंदूर..."

 मला औषध लिहून देता येत होतं, पण हे कसं सांगायचं ते येत नव्हतं. सवाष्णीला सिंदूर सोड म्हणणारी मी कोण? शेवटी मी एवढंच म्हणाले, की निदान कातडी बरी होईपर्यंत तरी.

रामवतीनं नवऱ्याकडे पाहिलं. हल्केनं कप खाली ठेवला. "काए, तुम सिंदूर ना लगाओगी तो का हम नाव से गिर जैहैं? हमें तैरना आत है."

वसुधा हसली, मी हसले. रामवती नाही हसली. थोडा विचार करून ती म्हणाली, "हम मैया को पानी भर लैहैं मांग में. ऊसे तो कछू नईं हुइए?"

"नहीं," मी म्हणाले. "उससे कुछ नहीं होगा."

खरी ॲलर्जी दुसऱ्या दिवशीही टिकते, म्हणून सकाळी गाडीच्या आधी मी पुन्हा पाठ पाहायला घाटावर गेले. रामवती नावेच्या आडोशाला बसली. दोन्ही चौकोन तसेच लाल होते. मग ती पट्टी सुटल्याच्या आनंदात सरळ पाण्यात उतरली, डोकं बुडवून वर आली आणि ओंजळीतलं पाणी भांगात सोडलं. थंडी मला किनाऱ्यावर वाजत होती.

रामवती टोपली मांडत असताना शेजारच्या ओळीतली एक वयस्क बाई लांबूनच पाहत होती. हिनंच रामवतीला उठवलं होतं, असं हल्के माझ्या कानात म्हणाला, म्हणजे साऱ्या घाटाला ऐकू गेलं. मी त्या बाईसमोर जाऊन रामवतीचा उजवा हात हातात धरला. "माँजी, ये छूत नहीं है. रंग की तकलीफ है. मैं डॉक्टर हूँ, देखो, मैंने पकड़ा है."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. "हओ," ती म्हणाली. मग आपली टोपली हातभर बाजूला सरकवली आणि मधल्या जागेवर पदरानं धूळ झटकली. "बैठ जा. धूप आ रई है उते." उते म्हणजे तिकडे, रामवतीच्या कोपऱ्यात.

रामवतीनं तिथं बसून मला चंदनाचा टिळा लावला. त्या सकाळी तिच्याकडून दोना घेणारी मी पहिलीच.

परतीच्या गाडीत मी बराच वेळ कपाळाला हात लावला नाही. यकृत बिघडलं तर माणूस ते स्वतःपाशी ठेवू शकतो. कातडीचं तसं नाही. ती सगळ्यांच्या नजरेत असते, आणि नजरेत आलेल्या गोष्टीवर जो तो निकाल देतो: गिऱ्हाईक, शेजारीण, पंगतीतले पाहुणे. मीही त्यांच्याच रांगेत होते, फक्त माझ्याजवळ पदवी होती. साताऱ्यात हल्ली रुग्ण समोर बसला की मी दिवा जवळ घेते आणि म्हणते, थांबा, आधी नीट बघू द्या.

मागच्या आठवड्यात वसुधाचा फोन आला. रामवतीची बोटं बरी झाली आहेत, कपाळाचा डाग फिका होतोय. पण वसुधा चिडलेली होती. त्या म्हातारीनं सगळ्या घाटाला सांगितलं आहे की डॉक्टरीणबाई पाठीवर पट्टी लावून चोर पकडतात.

"तू तिकडे मजेत आहेस," ती म्हणाली, "आणि अर्धा ग्वारीघाट इथे माझ्या दवाखान्यात पाठ उघडी करून बसून राहिलाय. पट्ट्या संपल्या माझ्या. कधी येऊन राहिली, सांग!"