गुरुवारचा हिरवा चौकोन

तक्तेबाईंचं खरं नाव मुलांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायला कुणाला फुरसतही नव्हती. बावीस वर्षं त्यांनी एका शाळेचं वेळापत्रक बसवलं. निवृत्त झाल्यावर त्या क्रीडासंकुलातल्या वरच्या बाकांवर येऊन बसू लागल्या. शाळा, नाच आणि खेळ यांच्यामधल्या फटीत सापडेल तसा पोरांचा अभ्यास घ्यायचा, हे त्यांचं काम. कुणी घामेजल्या टी-शर्टात बीजगणित सोडवी, कुणी गुडघ्याला बर्फ लावून सनावळ्या घोकी.

प्रत्येकाचा आठवड्याचा तक्ता बाई स्वतः आखत. शाळा निळी, सराव लाल, अभ्यास हिरवा. एखादा चौकोन पांढरा राहिला की आईबापांना चैन पडायची नाही. "इथे काहीच नाही?" असं म्हणून ते त्यात पोहणं कोंबत. त्यांना ही खोड लावली कुणी? बाईंनीच. रिकामा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, हे पालकसभांत त्यांनी वर्षानुवर्षं ठासून सांगितलं होतं.

घरीही तेच. लेक सुंदर नाचायची. पंधराव्या वर्षी परीक्षा आली तेव्हा बाईंनी तिचे लाल चौकोन पुसून हिरवे केले. लेक चांगल्या गुणांनी पास झाली. आता फोन केला की म्हणते, "आई, आत्ता वेळ नाही." करावं तसं भरावं, दुसरं काय!

अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारी नववीतली एक मुलगी होती. सगळे तिला हरिणीच म्हणत. तीन दिवस धावणं, तीन दिवस नाच, आणि गणिताच्या नावाने बोंब. एका गुरुवारी उदाहरण सोडवता सोडवता तिचं पेन वहीवर घसरत गेलं आणि मान बाकावर टेकली. उठवायला बाईंनी हात पुढे केला, मग मागे घेतला आणि आपली शाल तिच्यावर घातली.

पुढच्या गुरुवारी तिनेच हळूच विचारलं, "बाई, आजपण गणित झोपून करू?"

बाई हसल्या. तक्त्यात मात्र दर गुरुवारच्या झोपेचा तो पाऊण तास त्यांनी हिरवा रंगवला आणि वर लिहिलं, 'गणित सराव'. पांढरा ठेवला असता तर हरिणीच्या आईने दुसऱ्याच दिवशी तिथे काहीतरी आणून बसवलं असतं. त्या पाऊण तासात बाई आरडाओरडा करणाऱ्या पोरांना डोळे वटारून खाली पिटाळत. लेकीचं जे करायचं राहिलं, ते दुसऱ्याच्या लेकीचं करत होत्या.

तीन महिन्यांनी निकाल लागला. हरिणीची आई गुणपत्रिका नाचवत जिना चढून आली. मागून हरिणी, खांद्यावर बाईंची शाल तशीच.

"बाई, तुमच्या गुरुवारच्या सरावाने कमाल केली हो! बत्तीसवरून एकाहत्तर!"

आजूबाजूचे पालक सरकून जवळ आले.

"मी तर ठरवलंय," आई म्हणाली, "आता रोज पाऊण तास गणित. घरी सर येणार आहेत. गुरुवारीही इथून थेट घरी. बरोबर आहे ना? तुम्हीच सांगा सगळ्यांना."

हरिणी बाईंकडे बघत होती. बाईंना एवढंच म्हणायचं होतं, की ती झोपते म्हणून तिला गणित सुचतं. पण सहा पालक कान टवकारून उभे होते, आणि मुलांना झोपवणाऱ्या बाईकडे पोरं पाठवणार कोण? शिवाय हरभऱ्याच्या झाडावरून खाली उतरणं या वयात सोपं नसतं.

"सराव महत्त्वाचाच," बाई म्हणाल्या. अगदी पालकसभेतल्या आवाजात.

पुढच्या गुरुवारी हरिणी वर आली ती शाल द्यायला. नीट घडी घातलेली.

"पाच मिनिटं बस ना गं."

"नाही बाई, आत्ता वेळ नाही."

आवाजात राग नव्हता. तो आवाज बाईंच्या ओळखीचा होता. महिन्यातून एकदा फोनवर ऐकू यायचा.

हरिणी जिना उतरून गेली. तिच्या पिशवीत नवा तक्ता होता, हिरवे चौकोन सात. आदल्या दिवशी आईने फोन करून सांगितलं होतं, आणि बाईंनीच ते बसून, रेषेबाहेर जराही न जाता, रंगवून दिले होते.