जांभळ्या रुमालातली पेटी

फुसाए शिनोझुकाला कुणी भिडस्त म्हटलं असतं, तर मासे सुकवण्याच्या शेडमधल्या बाया पोट धरून हसल्या असत्या. तेवीस वर्षं ती तिथं बांगडे चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून जाळीवर पसरत आली होती. मालकाच्या हातून मीठ जास्त पडलं तर तोंडावर सांगणारी ती एकटीच. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. पण एक विषय निघाला की हीच बाई गप्प व्हायची. तो विषय म्हणजे नवऱ्याचा श्वास.

नवरा शिगेओ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. डिझेलचा धूर आणि सिगारेटचा धूर, दोन्ही त्यानं चाळीस वर्षं छातीत भरून घेतले आणि साठीला फुप्फुसांनी हात टेकले. तेव्हापासून घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते रात्रंदिवस घरघरायचं, त्याची नळी शिगेओच्या नाकात, आणि वायर भिंतीत. आता जपानातल्या बोसो द्वीपकल्पाच्या या दक्षिण टोकाला भिंतीतल्या विजेचा काय भरवसा! सहा वर्षांपूर्वीच्या मोठ्या तुफानात नऊ दिवस वीज नव्हती. घरातले सिलिंडर दुसऱ्याच दिवशी संपत आले, रस्त्यावर झाडं आडवी, नवे घेऊन गाडी येईना. तेव्हा गल्लीचा प्रमुख साकुमा, शिगेओचा शाळेपासूनचा दोस्त, दवाखान्यातून पाठीला सिलिंडर बांधून चार किलोमीटर चालत आला होता. अंगभर चिखल, गुडघा फुटलेला. फुसाएनं त्या दिवशी त्याच्यापुढं जमिनीला कपाळ टेकलं.

त्यानंतर तिनं विजेची पेटी घेतली. प्रवासाच्या बॅगेएवढी, पण उचलायला दोन्ही हात आणि धडधाकट कंबर हवी. घरच्या विजेवर भरायची, नाहीतर अंगणात सोलर पॅनल उघडून उन्हावर. आत किती टक्के वीज आहे ते पुढच्या छोट्या पडद्यावर दिसायचं. पूर्ण भरली की शिगेओचं मशीन सात-आठ तास ओढायची. शेडमधल्या बाया म्हणाल्या, एवढी महागाची वस्तू आणि लागणार वर्षातून दोनदा! फुसाए म्हणाली, तुम्ही काय श्वास वर्षातून दोनदा घेता का?

त्या पेटीनं एक सुख मात्र न मागता दिलं. तरुणपणी ही दोघं आणि साकुमा नवराबायको तंबू घेऊन समुद्राकाठी राहायला जायची. मशीन घरात आलं आणि तंबू माळ्यावर गेला. पेटी आल्यावर फुसाएनं तो खाली काढला, झटकला, आणि मे महिन्यात नवऱ्याला घेऊन थेट पाइनच्या बनात गेली. बाहेर पॅनल, आत पेटी, पेटीला मशीन आणि मशीनला नवरा. शिगेओ कोळशावर शिंपले भाजत बसला. खूश होऊन म्हणाला, आता मेलो तरी चालेल. ती म्हणाली, मरायचं तर घरी जाऊन मरा, एवढा तंबू मी एकटी आवरणार नाही. दोघं इतकी हसली की त्याला धाप लागली.

यंदा ऑगस्ट संपता संपता साकुमा दारात उभा राहिला. नातवंडांना घेऊन तीन रात्री डोंगरात राहायला चाललोय, पेटी मिळेल का? फुसाएची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली. तुफानाचे दिवस तोंडावर आलेले. पण नाही म्हणायला तोंड उघडावं तर तो फुटलेला गुडघा डोळ्यांपुढं येई. ‘न्या की,’ ती म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःचीच चीड आली.

चौथ्या दिवशी पेटी परत आली ती अगदी रीतीप्रमाणं. पुसून लख्ख, मोठ्या जांभळ्या रुमालात गाठ मारून बांधलेली, सोबत लाल चवळीच्या गोड वड्यांचा डबा. जड म्हणून साकुमानं ती स्वतःच आतल्या कपाटात नेऊन ठेवली. फुसाए चहा टाकायला गेली. चहा घेऊन आली तर शिगेओ आणि साकुमा दोघं गप्प, आणि साकुमाची नजर काही वर उठेना.

तिचे हात कपाटाकडं वळत होते. एकदा गाठ सोडावी, बटण दाबावं, आकडा बघावा. पण उसनी नेलेली वस्तू अशी बांधून परत आली की आणणाऱ्यासमोर गाठ सोडायची नसते आमच्याकडं. ते म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणणं. फुसाए फटकळ होती, पण इतकी नव्हती. तो गेल्यावर मात्र तिनं कपाट उघडलं, तर शिगेओ मागून म्हणाला, "झाली का तुझी पोलिसगिरी सुरू? शंभर टक्के भरून आणलीय म्हणालाय तो. कुणावर संशय घेतेस, जरा बघ."

ती ओशाळली. खरंच ओशाळली. कपाट तसंच बंद केलं. पुढं रेडिओवर तुफानाची बातमी आली तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, भरून ठेवू का? तर म्हणाला, भरलेल्यात आणखी काय भरणार, उगाच बॅटरीची वाट लागते. आता घरच्या माणसावर पहारा का बसवायचा असतो?

सप्टेंबरच्या बारा तारखेला दुपारी दोनला वीज गेली. मशीननं शिट्टी मारली. फुसाएनं शिगेओची नळी सिलिंडरला जोडली. घरात एकच सिलिंडर होता, तोही अर्धा, फार तर अडीच तासांचा. सिलिंडर देणाऱ्या कंपनीचा फोन लागेना. तरी ती घाबरली नव्हती. तिनं पेटी ओढून बाहेर काढली, गाठ सोडली, बटण दाबलं.

पडद्यावर आकडा होता तीन.

तिनं पुन्हा दाबलं. तीनच. शिगेओकडं बघितलं तर तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मला काय माहीत. शंभर म्हणाला होता साकुमा."

फुसाए तशीच पावसात बाहेर पडली. चौथं घर साकुमाचं. वाऱ्यानं छत्रीची काडी न् काडी मोडली तिथवर पोचेस्तोवर. दार उघडल्यावर तिनं ना नमस्कार केला ना चप्पल काढली. शेजारची खिडकी उघडी होती आणि तिथून दोघं बघत होती, याचंही तिला काही वाटलं नाही.

"केसानं गळा कापलात, साकुमा-सान," ती म्हणाली. "सिलिंडर पाठीवर आणून जीव वाचवलात, तो काय असा परत घ्यायला? अडीच तास उरलेत माझ्या नवऱ्याचे."

साकुमा कमरेत वाकला, वाकूनच राहिला, मग किल्ली घेऊन धावला. त्यानं गेल्याच आठवड्यात घेतलेल्या गाडीत घरची उपकरणं चालवायचं सॉकेट होतं. गाडी त्यानं शिनोझुकांच्या पडवीला अगदी चिकटवून लावली, इंजिन चालू ठेवलं आणि खिडकीतून वायर आत दिली. मशीन पुन्हा घरघरायला लागलं. साकुमा घरात आला नाही. पावसात, गाडीतच बसून राहिला, टाकीतलं पेट्रोल बघत.

थोड्या वेळानं त्याची बायको योशिए भाताचे गोळे घेऊन आली. स्वयंपाकघरात ठेवले आणि तिथंच उभी राहिली. शेवटी खालच्या आवाजात म्हणाली, "फुसाए-सान, आम्हाला काय बोलायचं ते बोला, पण हे एक ऐका. डोंगरात तिन्ही दिवस पाऊस होता. ठरल्या दिवशी द्यायची म्हणून आम्ही वाटेतूनच थेट इथं आलो. पेटी रिकामी आहे, तेवढी भरून घ्या, हे यांनी इथं बसून सांगितलं. तुम्ही चहा टाकत होतात, मी नातवंडांना घेऊन गाडीत होते, मला यांनी नंतर सांगितलं. शिगेओ-सान म्हणाले, हिला कळू देऊ नकोस, मी भरतो."

फुसाएला आधी ते कळलंच नाही. मग कळलं. ज्या माणसाला तिनं आत्ता शेजाऱ्यांदेखत लबाड ठरवलं, तो खरं बोलला होता. आणि ज्याच्यासाठी ठरवलं, तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

ती आत जाऊन त्याच्या उशाशी बसली. का, एवढंच विचारलं. तो तुटक तुटक बोलला. साकुमाला तिच्यापुढं मान खाली घालावी लागू नये म्हणून म्हणाला होता. ती शेडवर गेली की भरू म्हणत होता, पण पेटी कपाटातून काही त्याच्यानं उचलली गेली नाही. आणि उचलून दे असं तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"आणि मघाशी?" ती म्हणाली. "मघाशी मी त्यांच्या दारात गेले. तुम्ही जाऊ दिलंत मला."

"तू चिडली असतीस."

तीस वर्षं चिडले मी तुमच्यावर, कधी सोडून गेले का, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. कारण दुसरंच काही मनात आलं होतं. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र उशाशी पडलं होतं. रोज सकाळी ती डबा भरत असताना तो आतून आकडा सांगायचा, चौऱ्याण्णव, पंचाण्णव, आणि ती तो वहीत लिहायची.

तिनं यंत्र उचललं. शिगेओनं मूठ मिटली.

तिनं त्याचं एक एक बोट सोडवलं, चिमटा लावला आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघितली. शहाऐंशी आला. मशीन चालू असताना, नळी नाकात असताना शहाऐंशी.

"केव्हापासून?"

"मे महिन्यापासून," तो म्हणाला. "कळलं असतं तर तंबू पुन्हा माळ्यावर टाकला असतास."

फुसाए उठली नाही, ओरडली नाही. तिला नवऱ्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याचं तोंड बघवेना. दर महिन्याला ती एकटीच वही घेऊन डॉक्टरांकडं जायची. डॉक्टर पानं उलटायचे, म्हणायचे, उत्तम चाललंय, ऑक्सिजनचा आहे तोच डोस चालू द्या. मे ते सप्टेंबर ते खोटं तिनं स्वतःच्या हातानं, नीटनेटक्या अक्षरात लिहून दिलं होतं.