गायरानावरचे काळे गोल

आमची दैवशाला परभणीला नकाशाच्या हापिसात कामाला हाय. ड्रोननं वरून काढलेले फोटो कॉम्प्युटर आधी रंगवतो: शेत हिरवं, पाणी निळं, गायरान पिवळं. तो कुठं चुकला ते मग माणसानं बघायचं. धनगराची पोर, दहावीला दोनदा बसलेली, पण फोटोत बाभूळ कोणती अन् लिंब कोणता, बसल्या जागी सांगती. मी तिचा थोरला भाऊ, आदिनाथ. मेंढरं माझ्याकडं.

आमच्या गावात माणिकराव म्हणून एक जमीनदार हाय. सात वर्षांमागं त्या मेल्यानं गायरानाचं अकरा एकर नांगरून ऊस लावला. मेंढरं सवयीनं तिकडं गेली, तर आमच्या आबाला चारचौघांत पायताणानं हाणलं. दैवशाला तिथंच उभी होती. रडली न्हाई. घरी येऊन एवढंच म्हणली, "दादा, ह्याला मी सोडणार न्हाई." मला वाटलं, पोरगी रागात बोलायलीय.

अन् औंदा आमच्याच गावाचा फोटो तिच्या टेबलावर आला की हो! तिनं हापिसातल्या बन्सीधर साहेबाला लगेच सांगितलं, हे माझं गाव हाय. साहेब म्हणाले, "मग खुणा तूच ओळखशील. तपासणी मी करतो."

माणिकरावचं म्हणणं, आमचे वाडवडील इथं पीक घ्यायचे. वीस वर्षांमागच्या उपग्रहाच्या फोटोत त्या जागेवर काळे गोल होते. कॉम्प्युटरनं त्यांना खळी ठरवलं. खळं हाय म्हणजे पीक हाय, पीक हाय म्हणजे शेत. मेल्याचं नशीबच म्हणायचं!

दैवशाला ते बघून हसली. खळं सारवलेलं असतं, वरून पांढुरकं दिसतं. काळा गोल म्हणजे मेंढरं बसवायची जागा. वाघूर, म्हणजे आमची जाळी, गोल लावायची, आत कळप ठेवायचा, चार दिवसांनी बिऱ्हाड घोड्यावर टाकून जागा बदलायची. लेंड्यांनी माती काळी पडती. त्याच जाळीत ती रांगायला शिकली. तिनं अकरा गोल मोजले अन् सगळा ऊस पिवळ्यात टाकला. साहेबांनी गावात येऊन म्हाताऱ्यांना विचारलं, ते बी तेच बोलले.

तिचा फोन आला तसा मी नाचलोच. म्हणलो, "त्याचं घरबी घाल त्यात!"

"त्याचं घर गावठाणात हाय, दादा. खोटी रेघ मारली तर समदा नकाशा रद्द होईल." मग म्हणली, "पण एक पत्र्याचं घर गायरानात येतं."

"कुणाचं?"

"आपलं."

आमच्या घरावर बाभूळ हाय, कॉम्प्युटरला झाडाखाली घर दिसलंच नव्हतं. "गप बसायचं ना, भवाने!" मी ओरडलो.

"माणिकराव पयलं बोट तिथंच दाखवंल. म्हणून आधी आपलं घर पिवळ्यात टाकलं, मग त्याचा ऊस. मला तो ऊस निघालेला बघायचाय, दादा. त्यासाठी घर गेलं तर जाऊ दे."

मी रागानं फोन ठेवला. आठ दिवस तिच्याशी बोललो न्हाई.

तहसीलच्या नोटिसा दोघांनाबी एकाच दिवशी आल्या. माणिकराव कागद घेऊन आमच्या दारात आला. तोंड उतरलेलं, तरी हसायला बघत होता. आबाला म्हणला, "लिंबाजी, पोरीनं तुझंच घर उठवलं की रे!"

आबा खाटेवरून उठले. सात वर्षांत त्या माणसाच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता, तो आज दिला.

"धनगराला घर हलवायला एक घोडं लय झालं," आबा म्हणले. "तुला अकरा एकर हलवायला काय लागंल, ते बघ आता."