सुपरहिरोचा पंचनामा

आभाळात उडणाऱ्या माणसाला खाली उतरवून जाब विचारणारा एकच गृहस्थ या पृथ्वीतलावर उरला आहे आणि तो लातुरात आमच्या मागच्या गल्लीत राहतो, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. हे माझे थोरले साडू. रेणापूर तालुक्यात तीस वर्षं तलाठी होते. गारपीट झाली, वीज पडली, की गावातले पंच गोळा करायचे आणि पंचनामा लिहायचा, ही हाताची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. आता गारपीट त्यांच्या हद्दीत नाही, म्हणून ते सुपरहिरोच्या चित्रकथेचे अंक वाचतात. दर महिन्याला एक हिंदी अंक येतो आणि तो ते पेन्सिल घेऊन, समासात शेरे मारत वाचतात.

नायकानं खलनायकाला सात मजली इमारतीतून आरपार फेकलं, की तुम्ही-आम्ही खूश होऊन पान उलटतो. साडूभाऊ तिथंच थांबतात. "पाव्हणं, इमारत पडली, अकरा गाड्या चेंगरल्या, अन् ह्यो गडी उडून गेला! पंचनामा कोण करणार, ह्याचा बाप?" एका अंकात नायकानं आग विझवायला पाण्याची टाकी फोडली, तर त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो. टाकी फोडणाऱ्याला ते नायक मानायलाच तयार नव्हते. शेवटी आक्का, म्हणजे माझी मेहुणी, वैतागून म्हणाल्या, "घरातली मोटार जळाली तवा एवढं हळहळला न्हाईत." नायकाच्या वेशांतरावर तर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "डोळ्यावर बोटभर पट्टी बांधली की आख्ख्या शहराला माणूस वळखू येईना? आमच्या रेणापूरच्या बाजारात नुसत्या चालीवरून चुलत्याचं नाव सांगतेत!"

एवढी चिरफाड करणारा माणूस ते अंक वाचतो कशाला, असं कुणालाही वाटेल. तर त्यातली चित्रं त्यांची मुलगी काढते. एकुलती एक. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून ती हैदराबादला चित्रकथांच्या कंपनीत लागली आणि तिथंच गोष्टी लिहिणाऱ्या एका सहकाऱ्याशी तिनं परस्पर लग्न केलं. साडूभाऊंनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, अबोला धरला. तीही त्यांचीच मुलगी, तिनंही धरला. चार वर्षं झाली. ती अंक पाठवायची माझ्या पत्त्यावर. मी तो त्यांच्या टेबलावर "विसरून" यायचो, आणि दुसऱ्या दिवशी साडूभाऊ मला बोलावून अभिप्राय सांगायचे. तो मी माझ्या मोबाईलवरून तिला धाडायचा. बोलताना लातुरी असलेला हा माणूस अभिप्राय सांगायला लागला की थेट तहसील कार्यालयात जाऊन बसायचा.

"लिहा. सदर नायक मागील दोन अंकांपासून अशक्त दिसून येतो. दंड बारीक झालेले आहेत. तरी त्याच्या जेवणाखाण्याबाबत खुलासा व्हावा."

अर्ध्या तासात खुलासा यायचा. "नायकाला टायफॉईड झाला होता, काका. आता बरा आहे. डबा लावलाय."

नायकाला टायफॉईड! मी ते वाचून दाखवायचो आणि साडूभाऊ भिंतीकडं बघत "ठीक" म्हणायचे. त्या दिवशी आक्का देवापुढं अंमळ जास्तच बसायच्या. मला बाप-लेक दोघांचाही राग यायचा. मी टपाल खात्यात नोकरी केलेली नाही आणि असलं टपाल वाहायची माझ्या जिवात ताकदही नाही.

मग तो एक अंक आला. त्यात नायक जग वाचवून आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या घरावर उतरतो, खिडकीतून त्यांना बघतो आणि हाक न मारताच उडून जातो. साडूभाऊंनी मला जेवणावरून उठवून नेलं.

"लिहा. सदर नायक वडिलांच्या घरापर्यंत येऊन परत गेला, ही बाब गंभीर आहे. दार वाजवणे आवश्यक होते."

या वेळी उत्तर लगेच आलं. मी वाचलं आणि मोठ्यानं वाचावं की नाही ते मला कळेना. पण आक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, म्हणून वाचलं: "बापानं दार उघडलं असतं का, ते आधी अण्णांना विचारा."

साडूभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्यापुढं हात केला. या माणसानं मोबाईलवर कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, पाव तास खपून त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मोबाईल माझ्याकडं न बघताच परत दिला. त्यात "सदर" नव्हतं. "उघडलं असतं. चार वर्षं दारातच बसून हाय. दोघं या."

रविवारी दोघं आली. साडूभाऊंनी जावयाला इमारत पडते त्या पानांवरून दोन तास धारेवर धरलं, आणि त्या पोरानं बिचाऱ्यानं निमूटपणे पुढच्या वेळी पंच दाखवायचं कबूल केलं. माझा जीव भांड्यात पडला. आता अंक थेट त्यांच्याच पत्त्यावर येतो. माझ्या मोबाईलवर ना अभिप्राय, ना खुलासा. महिन्याचा पहिला आठवडा आला की मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्या नायकाचं पुढं काय झालं, तो बापाला भेटला का, हे मला अजून ठाऊक नाही. परवा न राहवून विचारलंच. साडूभाऊ ओशाळून हसले.

"काय की पाव्हणं, वाचायला सवडच घावंना. पोरगी फोनवर लई बोलती."